मला सही करायची आहे

तिसऱ्या मुलाखतीत माझं वाक्य समोरच्या साहेबांनीच पूर्ण केलं.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात टेक्निशियनची जागा होती. सगळं बरं चाललं होतं. प्रेशर गेजबद्दल विचारलं, थर्मामीटरबद्दल विचारलं, मी धडाधड उत्तरं दिली. मग तो प्रश्न आला. तो येणार हे मला ठाऊक होतं आणि त्याचीच धास्तीही होती. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी सावरून बसले आणि पाठ केलेलं सुरू केलं.

"सर, पाच वर्षांनी मी स्वतःला एका जबाबदारीच्या पदावर बघते, जिथे माझ्या कौशल्यांचा उपयोग करून मला..."

"...कंपनीच्या प्रगतीत हातभार लावता येईल," ते म्हणाले आणि हसले.

त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. सकाळपासून त्यांनी हेच वाक्य बऱ्याच जणांकडून ऐकलं असणार. माझ्या आधी आत गेलेल्या मुलीने आणि मी तर बाहेरच्या बाकावर बसून एकाच मोबाइलवर ते वाचलं होतं. मीही हसले, पण कान गरम झाले. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. कळवतो म्हणाले. ते कळवणार नाहीत हे मला कळलं होतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. पॉलिटेक्निकमधून इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केल्यावर हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा लॅबमध्ये चार वर्षं नोकरी करत होते. आमचं काम म्हणजे मोजणाऱ्या यंत्रांची तपासणी. कारखान्यातला दाबमापक बरोबर दाब दाखवतो का, दवाखान्यातल्या फ्रिजचं थर्मामीटर खरं बोलतं का, हे आम्ही आमच्याकडच्या अचूक यंत्राशी ताडून बघायचो. त्या अचूक यंत्राला आम्ही मास्टर म्हणतो. ताडून झालं की आकडे लिहून प्रमाणपत्र द्यायचं. लॅबचे मालक, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, मूळचे रामटेककडचे. कमी बोलणारे. कोणावर ओरडले नाहीत आणि कोणाचं तोंडभर कौतुकही केलं नाही. धानाची कापणी झाली की आम्हा पाचही जणांना शेतातला नवा तांदूळ तेवढा न चुकता आणून द्यायचे.

नोकरी वाईट नव्हती. पण चार वर्षांत आपण आहोत तिथेच आहोत असं मला वाटायला लागलं होतं, आणि सोबतच्या मुली पुण्याला गेल्या होत्या. म्हणून मी अर्ज टाकत सुटले होते.

बुटीबोरीहून घरी आले तेव्हा आत्या स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "काय विचारलं त्यायनं?"

झालं का, कसं झालं, असं तिने विचारलं नाही. आत्या नेहमी नेमकंच विचारायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. मी पाच वर्षांची असताना आई गेली. त्याच्या दोन वर्षं आधी आत्याचे यजमान गेले होते. ते सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात शिपाई होते, आणि अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी आत्याला घेतलं होतं. आई गेल्यावर ती आपली ट्रंक घेऊन मानेवाड्याला आमच्याकडे आली आणि राहिली. सकाळी मला आणि माझ्या भावाला शाळेत पाठवून ती सायकलने कार्यालयात जायची. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बसने. या गोष्टीच्या वर्षभर आधीच ती निवृत्त झाली होती.

तिच्या कार्यालयात भरतीच्या मुलाखती व्हायच्या. दाराबाहेरच्या स्टुलावर आत्या बसायची. घंटी वाजली की पुढच्या उमेदवाराला आत सोडायचं, घाबरलेल्याला पाणी द्यायचं, अकराच्या आणि चारच्या सुमारास आत चहा न्यायचा. हे तिने बावीस वर्षं केलं. पण तिच्याकडून या बाबतीत काही शिकावं असं मला तोवर एकदाही सुचलं नव्हतं. मी मोबाइलवर उत्तरं शोधत होते.

त्या दिवशी मी तिच्यासमोर बसले, मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि घडलेलं सगळं सांगितलं. साहेबांनी वाक्य पूर्ण केलं हे ऐकल्यावर ती एवढी हसली की मला राग आला.

"हसतेस काय?"

"अवं, हसू नाही तं काय करू? मी तं ते वाक्य दाराच्या फटीतून ऐकून ऐकून पाठ केलं होतं. मलेही उभं केलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं." मग ती थांबली. "सांग बरं मले. जबाबदारीचं पद म्हणजे कोणतं पद?"

मी मेथीचं देठ खुडत राहिले.

"आन् कौशल्य म्हणजे काय? तू काय करतेस तिथी?"

"आत्या, तुला माहीत आहे मी काय करते."

"मले नाही माहीत. लॅबमधी जातेस एवढं माहीत आहे."

चार वर्षं एका घरात राहून मी तिला माझ्या कामाबद्दल काही सांगितलं नव्हतं. तिला कळणार नाही असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. हे मला त्या क्षणी समजलं आणि लाज वाटली.

"मी चहा ठेवायले आत जायची ना," आत्या सांगू लागली, "तेव्हा मले एका नजरेत कळे. कोणी मोठं मोठं बोलून राहिलं असलं, की साहेब लोक बिस्किटाकडे पाहत. आन् कोणी आपलं स्वतःचं काही सांगून राहिलं असलं, की त्यायच्या हातातला कप हातातच राही. एक पोरगी आली होती गडचिरोलीकडची. तिनं म्हणलं, मले असं ऑफिस पायजे जिथी आलेल्या माणसाले दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगत नाहीत. बस, एवढंच. तीन साहेब, तिघायचाही चहा थंड झाला."

"तिला घेतलं?"

"घेतलं. तू तुहं सांग. काय पायजे तुले?"

मी म्हटलं, मला चांगली नोकरी पाहिजे. ती म्हणाली, ते तं सगळ्यायलेच पायजे. मी म्हटलं, मला पुढे जायचं आहे. ती म्हणाली, पुढे कुठी? रस्त्याले नाव असते ना. असं बराच वेळ चाललं. मेथी निवडून संपली, तिने कणीक मळायला घेतली, आणि मी चिडले. मग तिने वेगळाच प्रश्न केला.

"बरं, जाऊ दे ते. नोकरीत तुले कधी असं झालं का, की घरी येतानी मनात राग होता आन् कोणावर आहे ते समजत नव्हतं?"

झालं होतं. काटोलच्या वेळी.

त्याच वर्षीच्या संत्र्याच्या हंगामात सरांनी मला काटोलच्या एका शीतगृहात पाठवलं होतं. तिथल्या खोल्यांची थर्मामीटरं तपासायची होती. मी एसटीने गेले, मांडीवर मास्टरची पेटी घेऊन. बसमध्ये बागायतदार होते, कोणी रिकामी क्रेट परत नेत होतं, आणि पेटीत काय आहे हे मला तीन जणांनी विचारलं. शीतगृहाच्या पहिल्या दोन खोल्या ठीक निघाल्या. तिसऱ्या खोलीच्या दारावरचा आकडा सहा अंश दाखवत होता. माझा मास्टर आत साडेतीनच्याही खाली गेला.

व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, तुमचंच यंत्र बिघडलं असेल. बस में हिल गया होगा. सहा लिहून द्या, मागच्या वर्षीही सहाच होतं."

खरं सांगायचं तर मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. माझंच चुकलं असेल. एवढी मोठी खोली, दहा वर्षं चालू असलेलं शीतगृह, आणि मी एकटी पेटी घेऊन आलेली. सरांना फोन लावला, लागला नाही. लिहून टाकलं असतं तर चारची बस मिळाली असती. पेन हातात घेतलंही होतं.

पण मग मी त्यांना म्हटलं, मला तासभर द्या. बस स्टँडजवळच्या रसवंतीतून बर्फ आणला. शेजारच्या बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेतली. ओढणीत बर्फ गुंडाळून दगडाने बारीक केला, थर्मासमध्ये भरला, वरून ते पाणी ओतलं आणि माझा मास्टर त्यात बुडवून ठेवला. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य असतं, ते कोणाच्या सांगण्याने बदलत नाही. दहा मिनिटांत मास्टर शून्यावर येऊन स्थिर झाला. म्हणजे माझं यंत्र खरं होतं आणि दारावरचा आकडा खोटा.

व्यवस्थापकांनी स्वतः वाकून पाहिलं. नंतर म्हणाले, त्या खोलीतला माल दोन वर्षांपासून डागी निघत होता. साल काळवंडायची. आम्ही बागायतदारांना म्हणायचो, तुमचंच फळ कच्चं आहे, तोडणी नीट करत नाही. ते भांडून जायचे. व्यवस्थापकांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. सेन्सरच्या जोडात ओल शिरली होती, त्यामुळे खोली हवी त्यापेक्षा गार होत होती आणि थंडीने फळ खराब होत होतं.

मी खरा आकडा लिहिला. दोन दिवसांनी लॅबमध्ये प्रमाणपत्र छापलं गेलं. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव होतं, तपासणी करणार म्हणून. उजवीकडे सरांची सही. शीतगृहातून फोन आला तो सरांना. त्यांनी सरांचे आभार मानले. सर मला म्हणाले, "काटोलचं काम बरं झालं." घरी येताना माझ्या मनात राग होता आणि तो कोणावर आहे ते मला समजत नव्हतं. सरांवर नव्हता, कारण नियमच तसा आहे. ज्याला मान्यता असते त्यालाच सही करता येते.

आत्याने हे सगळं ऐकलं. कणीक केव्हाचीच मळून झाली होती आणि ती परातीसमोर तशीच बसली होती.

"मंग तुले सही करायची आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. एवढंच होतं. मला मॅनेजर व्हायचं नव्हतं, पुण्याला जायचं नव्हतं. जो आकडा मी पाहिला, तो खरा आहे असं माझ्या नावाने सांगायचा अधिकार मला पाहिजे होता.

त्या आठवड्यात आम्ही रोज सराव केला. विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रात विमानांच्या देखभालीशी संबंधित एका कंपनीचं बोलावणं आलं होतं, त्यासाठी. आत्या खुर्चीवर बसायची, चष्मा नाकावर ओढायची आणि "पुढचे" म्हणून हाक मारायची. मी बाहेरच्या खोलीतून आत यायचे. ती मला थांबवायची. हळू बोल. हात बांधू नको. माहीत नसलं तं माहीत नाही म्हण, साहेब लोक खात नाहीत. एकदा मी गमतीने उलटं केलं. मी खुर्चीवर बसले आणि तिला विचारलं, "आता तुम्ही सांगा बाई, तुम्हाला काय व्हायचं होतं?"

"मले कोणी विचारलं कुठी?" ती हसून म्हणाली. "कागद आणला, सही कर म्हणलं, केली. स्टुलावर बस म्हणलं, बसली."

"तरीपण?"

ती पदराने चष्मा पुसत राहिली. मग सहज म्हणाली, "एकदा फॉर्म भरला होता. शिपायाले लिपिक होता येते, टायपिंगची परीक्षा असते. क्लासही लावला होता महिनाभर. स्पीड बरा आला होता माहा."

"मग?"

"मंग काय, तुले गोवर आला. आन् तुह्या मागून त्याले." म्हणजे माझ्या भावाला. "परीक्षेच्या दिवशी कोणाले ठेवणार होती घरी? तुह्या बाबाची तं ड्यूटी."

"पुढच्या वर्षी द्यायची होती."

"राहून गेलं वं," ती म्हणाली, आणि उठून कुकरचा गॅस बंद करायला गेली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी मात्र तिथेच बसून राहिले. मला गोवर आला होता हे मला आठवत होतं. कडुलिंबाचा पाला उशाशी असायचा आणि आत्या दिवसभर घरी असायची, म्हणून मला तो आजार आवडलाही होता. त्यापायी तिचं काय राहून गेलं हे मला वीस-बावीस वर्षांनी कळत होतं. थँक यू म्हणणं आमच्या घरात नाटकी वाटलं असतं. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिले. "सरक, भाजी लागून राहिली," एवढंच ती म्हणाली, पण सरकली नाही.

मुलाखतीच्या दिवशी बाबांनी मला मेट्रो स्टेशनवर सोडलं. खापरीला उतरून पुढे कंपनीची बस होती. समोर तिघं बसले होते, दोन पुरुष आणि एक बाई. बाई पन्नाशीच्या, करडे केस, कॉटनची साडी. सुरुवातीचा अर्धा तास इंग्रजीत आणि हिंदीत कामाबद्दल बोलणं झालं. दोन प्रश्न मला आले नाहीत. मी माहीत नाही म्हटलं. कोणी खाल्लं नाही.

मग त्यातल्या एका साहेबांनी नेहमीच्या सुरात विचारलं, पाच वर्षांनी कुठे असाल? मी इंग्रजीत सुरुवात केली आणि अडखळले. बाई म्हणाल्या, "मराठीत सांगा ना, चालेल आम्हाला."

"मला सही करायची आहे," मी म्हटलं.

तिघांनीही मान वर केली. मी समजावून सांगितलं. आत्ता मी तपासते आणि दुसरे सही करतात. पाच वर्षांत मला एवढं शिकायचं आहे, की प्रमाणपत्राच्या खाली उजवीकडे माझं नाव असेल.

"सही म्हणजे मान नाही, जोखीम आहे," ते साहेब म्हणाले. "आकडा चुकला तर सगळे तुमच्याकडे येतील. इथे तर विमानाचा प्रश्न आहे. एवढी हौस कशाला?"

मी त्यांना काटोल सांगितलं. सगळं सांगितलं, सहा लिहून चारची बस पकडायचं मनात आलं होतं तेही. तो भाग गाळावा असं आदल्या दिवशी मला वाटत होतं. आत्या म्हणाली होती, गाळू नको, तोच तं खरा आहे. मी शेवटी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी थांबले नसते, तर चुकीच्या आकड्यावर आमच्या लॅबच्या सरांची सही गेली असती आणि माझं काहीच बिघडलं नसतं. ते मला बरोबर वाटत नाही. मी लिहिलं तर माझंच बिघडलं पाहिजे."

हे वाक्य मी घरी ठरवलेलं नव्हतं. ते तिथे बोलता बोलता आलं.

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही तुमच्या सध्याच्या सरांना सांगितलं आहे?"

"नाही मॅडम."

"काहून?"

त्यांच्या तोंडून तो आमच्या घरातला शब्द इतका अचानक आला की मी हसले, आणि त्याही हसल्या. पण प्रश्न खरा होता. मी म्हटलं, त्यांनी कधी विचारलं नाही.

"आम्ही तरी पाच मिनिटांपूर्वीच विचारलं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं ज्यांनी काम पाहिलं, त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं. आम्ही घेऊ न घेऊ, तो वेगळा विषय. उद्या त्यांच्याशी बोला."

मुलाखत घेणाऱ्याने असा सल्ला द्यायची काही गरज नसते. त्या बाईंना मी त्यानंतर कधी भेटले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. मिहानच्या तिघांसमोर मला एवढी भीती वाटली नव्हती.

"सर, मी काल सुट्टी घेतली ती मुलाखतीसाठी."

"माहीत आहे," सर म्हणाले. "बुटीबोरीचंही माहीत आहे."

मग मी सगळं बोलून टाकलं. सही, काटोल, राग. सरांनी डबा बाजूला सरकवला. आता मला काढून टाकतात असं मला वाटलं.

"तू कधी बोलली काहून नाहीस?" ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाही."

"हौ. तेही खरं." त्यांनी मान हलवली. "मले वाटलं, तू आज ना उद्या जाशील. आतापर्यंत दोन मुलींना शिकवलं. एक लग्न होऊन गेली, एक पुण्याले गेली. तिसऱ्यांदा म्हटलं, जाऊ दे, कायले जीव लावायचा. चुकलं माझं. तुले विचारायला पाहिजे होतं."

वयाने वडिलांएवढ्या माणसाने असं सरळ चुकलं म्हणावं, याची मला सवय नव्हती. माझे डोळे भरून आले. सरांना ते बघवलं नसावं. ते उठले, कपाटातून एक जाड फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हे वाच आधी. सही करायची म्हणजे आकडा किती खरा आहे ते सांगून भागत नाही, किती खोटा असू शकतो तेही सांगावं लागते. गणित कच्चं आहे तुझं. उद्यापासून रोज एक तास."

दहा दिवसांनी मिहानहून ईमेल आला. त्यांनी विमानक्षेत्रातला अनुभव असलेल्या उमेदवाराला घेतलं होतं. फाइल वाचायला लागले होते तरी मला वाईट वाटलं, उगाच नाही म्हणणार नाही. दुपारभर कशात मन लागेना. संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "बरं," आणि गोळाभात करायला घेतला. तो मला आवडतो.

पुढे जवळजवळ दीड वर्ष सर मला शिकवत होते. रोज दुपारी एक तास. ते चांगले शिक्षक होते हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. एकच गणित ते मला वेगवेगळे आकडे घालून चाळीस वेळा करायला लावायचे. चुकलं की रागवायचे नाहीत, "परत" म्हणायचे. कोणत्या यंत्राला थंडीत उशीर लागतो, कोणत्या कारखान्याचा माणूस जुनाच आकडा पुढे करतो, सगळं त्यांनी मोकळेपणाने दिलं. मग त्यांनी मान्यता देणाऱ्या संस्थेकडे माझं नाव पाठवलं. दोन परीक्षक आले आणि दिवसभर माझ्यासोबत बसले. त्यांनी पाच वर्षांनंतरचं काही विचारलं नाही. समोरचं गेज तपासायला लावलं आणि प्रत्येक पायरीला काहून, काहून करत राहिले. सर त्या दिवशी लॅबमध्ये थांबलेच नाहीत. नंतर कळलं, समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होते आणि चहावाल्याच्या सांगण्यानुसार त्यांनी सहा कप चहा घेतला.

महिन्याभरात मान्यतेचं पत्र आलं. सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्यांना समोसे मागवले आणि माझ्यापुढे पहिलं प्रमाणपत्र ठेवलं. भंडाऱ्याकडच्या एका लहान दूध डेअरीचं थर्मामीटर होतं. तपासणी माझ्या सहकाऱ्याने केली होती. सगळे उभे राहून बघत होते. कोणीतरी मोबाइल काढला.

मी पेन उघडलं आणि वाचायला लागले. आकडे बरोबर होते. गणित बरोबर होतं. पण थर्मामीटरवर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर यात एक अंक वेगळा होता. तीनच्या जागी आठ पडला होता. मी पुन्हा पाहिलं. मग पेन बंद केलं.

"सर, हे नाही करता येणार," मी म्हटलं. "नंबर चुकला आहे."

फोटो काढणारा थांबला. सहकारी कपाळाला हात लावून कागद घेऊन कॉम्प्युटरकडे धावला. सरांचा चेहरा मात्र असा खुलला होता की मला वाटलं, हा अंक त्यांनीच तर बदलून ठेवला नाही ना? मी नंतर त्यांना विचारलंही. ते म्हणाले, "छे गा." गा हे पुरुषांना म्हणतात, मुलींना कोणी म्हणत नाही. एवढे ते खुश होते.

नवा कागद पंधरा मिनिटांत छापून आला. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला, थर्मामीटर हातात घेऊन नंबर जुळवला आणि उजवीकडे सही केली. समोसे तोवर गार झाले होते. ते आम्ही तसेच खाल्ले, आणि मग सरांनी टेबलावर पुढचं प्रमाणपत्र ठेवलं.